कंसातले आवाज

१

टीव्हीवर मालिका चालू असताना पडद्याच्या तळाशी कंसात ‘दार वाजतं’ किंवा ‘लांबून गाडीचा हॉर्न’ असं लिहून येतं, ते कोणीतरी बसून लिहिलेलं असतं हे बहुतेकांच्या गावीही नसतं. ते मी लिहितो. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. दिवसभर कानांवर हेडफोन, समोर पडदा, आणि जो आवाज येईल त्याला शब्द द्यायचा. पोटापुरतं मिळतं आणि कोणाच्या फार तोंडी लागावं लागत नाही.

या कामाचे नियम दोनच आहेत, आणि नव्याने आलेल्यांना ते मीच शिकवतो. पहिला नियम, अक्षर आवाजाच्या आधी यायचं नाही. गोळी सुटायच्या आधीच ‘गोळीचा आवाज’ आला की त्या माणसाच्या मरण्यात काही राम उरत नाही. दुसरा नियम, जो आवाज गोष्टीला लागत नाही तो लिहायचा नाही. रस्त्याच्या एका दृश्यात किती तरी आवाज असतात. सगळे लिहायला गेलं तर वाचणाऱ्याचं डोकं फिरेल. आपण निवडायचं. आपण नाही लिहिला, तर वाचणाऱ्यापुरता तो आवाज झालाच नाही. हे सांगताना मी नेहमी थोडा फुशारतो.

हे काम मी धरलं ते बायकोमुळे. लग्नानंतर काही वर्षांनी तिला एक वाईट ताप आला, आणि उतरताना तो तिचे दोन्ही कान घेऊन गेला. बोलते ती पूर्वीसारखीच, आणि समोरच्याचे ओठ इतके सफाईने वाचते की नवख्याला पत्ताही लागत नाही. तिचा धंदा दातांचा. कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये ती सकाळी जाते आणि मेणाचं बारीक काम घरी घेऊन येते. दिवसभर तोंडं बघायची सवयच आहे म्हणा ना. आमच्या भागातली निम्मी म्हातारी माणसं माझ्या बायकोच्या दातांनी हसतात, असं मी लोकांना सांगतो, आणि ती मला डोळ्यांनी दटावते.

ती पाठमोरी असताना कोणी खांद्यावर हात ठेवला की फार दचकायची. म्हणून आम्ही एक खूण ठरवली होती. घरात शिरलो की मी दाराजवळचं बटण दाबून दिवाणखान्यातला दिवा दोनदा मिचकवायचा. दोनदा म्हणजे मी. मग तिने मान न वळवता सोफ्यावर जरासं सरकायचं आणि डावीकडे माझ्यासाठी जागा करायची. कामावरून दमून आलेल्या माणसाला याहून जास्त काय लागतं? त्या सरकण्यासाठी मी धावत घरी यायचो.

एका संध्याकाळी मी दिवा मिचकवला, तर तिने वळून माझ्याकडे बघितलं.

“पुन्हा कशाला? मघाशी केलास की.”

“मी आत्ताच येतोय. हे बघ, बूटसुद्धा पायात आहेत.”

“मग मघाशी कोण होतं?”

“बल्ब जुना झालाय,” मी म्हणालो. “जायला आला की असाच फडफडतो.”

ती बरं म्हणाली आणि टीव्हीकडे वळली. मी बसायला गेलो तेव्हा दिसलं की माझी जागा तिने आधीच करून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी मी नवा बल्ब आणून लावला.

२

‘सोबत’ नावाचं ते अ‍ॅप मेहुणीने आणलं. म्हणजे तिच्या फोनवर होतं, ते तिने बहिणीच्या फोनवर आणि आमच्या टीव्हीवर घालून दिलं. आपण काय बघतोय ते त्यात सांगायचं. मग ओळखीचे, बिनओळखीचे लोक आपल्या बाजूला येऊन ‘बसतात’ आणि बघता बघता मनात येईल ते लिहितात. त्यांचं लिखाण पडद्याच्या खाली एका पट्टीवरून सरकत जातं. आपण कोणाबरोबर बसलोय ते दाखवायला कोपऱ्यात एक छोटा सोफा काढलेला असतो.

“ताई दुपारभर एकटी असते, भाऊजी,” मेहुणी म्हणाली. “चार माणसांत बसल्यासारखं वाटेल तिला. आणि तुम्हालाही कळेल ती काय बघतेय ते. तुम्हाला कळलेलं बरं असतं ना सगळं?”

मेहुणीची जीभ तिखटच आहे. पण ती खोटं बोलली नव्हती. माझा स्वभाव मुळातच जळका. आमची आई म्हणायची, या पोराला दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणीसुद्धा जास्त गोड लागतं. मीही ते अ‍ॅप घेतलं, आणि दुपारी काम करता करता अधूनमधून बघायला लागलो. बायको ‘आत्ता बघतेय’. छोट्या सोफ्यावर तिचा फोटो. बाजूला कोणी नाही. बरं वाटायचं.

मग एका दुपारी सोफ्यावर दोघं दिसली. दुसऱ्याला फोटो नव्हता, नुसता करडा गोल. नाव होतं ‘श्रोता’.

“अरे, हा काय लिहितो माहीत आहे?” त्या संध्याकाळी ती मला म्हणाली. तिचे डोळे लाल होते आणि चेहरा मात्र धुऊन पुसल्यासारखा स्वच्छ. “तुम्ही लोक लिहिता ना, ‘दार वाजतं’? आज तोच प्रसंग होता. याने काय लिहिलं, ऐक. ‘दारावर थाप. बोटांनी नाही, तळहाताने. हळू. या माणसाला खरं म्हणजे परत जायचंय.’ आणि खरंच रे, पुढे तो परत गेला.”

ते भाग मीच लिहिलेले होते. ‘दार वाजतं’ हे माझंच होतं.

“कोण आहे हा?” मी विचारलं.

“मला काय माहीत.”

“बाई असेल एखादी. रिकामटेकडी.”

“नाही. पुरुष आहे.”

“कशावरून?”

“वाटतं,” ती म्हणाली आणि हसली. मला अजून आठवतं, ती माझ्या ओठांकडे न बघता हसली.

कानामागून आला आणि तिखट झाला म्हणतात, तसं झालं. तिच्यासाठी ऐकण्याचं काम इतकी वर्षं माझं होतं. दूध उतू चाललंय, बेल वाजली, तुझा फोन आलाय, हे मी सांगायचो. आता कोण कुठला करडा गोल येऊन तिला थापेतला तळहात सांगत होता. आणि खरं सांगायचं तर ते माझ्यापेक्षा चांगलं होतं. तेच जास्त झोंबलं.

३

मी त्याच्या चुका काढायला बसलो. दुपारी ती जो भाग लावायची, तोच मी स्टुडिओत माझ्या पडद्यावर लावायचो आणि बाजूला फोनवर त्याची पट्टी. कान देऊन ऐकायचो. वैताग असा की तो चुकत नव्हता. ज्या ठिकाणी मी ‘वारा’ लिहिला होता तिथे तो लिहायचा, ‘वारा सुकल्या पानांतून येतोय, ओल्या नाही.’ मी मागे नेऊन पुन्हा ऐकायचो. सुकलीच पानं होती.

मग एकदा चुकला. पडद्यावर नदीकाठ, एक बाई एकटी बसलेली. पट्टीवर अक्षरं आली, ‘मागच्या खोलीत काहीतरी पडलं. धातूचं, हलकं. आता घरंगळतंय.’

मला इतका आनंद झाला की मी आमच्या ध्वनीवाल्याला हाक मारली. त्याला आम्ही सगळे कानसेन म्हणतो. त्याने हेडफोन लावला, आवाजाची रेघ मोठी करून बघितली.

“नदी आहे, पक्षी आहे. नदीला मागची खोली कुठून आणतो हा?” तो म्हणाला. “पण तू का एवढा हात धुऊन मागे लागलायस याच्या?”

“असंच. लोक काहीही ठोकून देतात, म्हणून.”

“वहिनी बघतात वाटतं हे,” कानसेन म्हणाला आणि शहाण्यासारखा आपल्या टेबलाकडे गेला.

संध्याकाळी मी घरी पोचलो तेव्हा बायको मागच्या खोलीत जमिनीवर ओणवी होऊन टेबलाखाली बघत होती. मेण कोरायची तिची बारीक सुरी सापडत नव्हती. “कधी पडली कोण जाणे,” ती म्हणाली. मी कपाटाखाली हात घालून ती काढली. भिंतीपर्यंत घरंगळत गेली होती.

योगायोग असतात. मी स्वतःला हे समजावलं, आणि मग दुसरी, जास्त सोपी गोष्ट समजावली. घरात कोणीतरी माणूस येतो. ती दिवाणखान्यात मालिका बघते आणि तो तिच्या मागेपुढे कुठेतरी बसून फोनवर लिहितो. हे सुचलं तेव्हा मला भीतीच्या जागी जवळजवळ सुटका वाटली. माणूस असेल तर त्याला गचांडी धरून बाहेर काढता येतं. मी कपाटं उघडून बघितली, गॅलरीत बघितलं, टॉवेल हुंगले. लाज वाटायला हवी होती, पण चोराच्या मनात चांदणं असतं तसं संशयखोराच्या मनात दुसरं काहीच नसतं. हाती लागलं ते एवढंच, की सोफ्याची डावीकडची उशी, माझी, मधोमध खोल गेली होती. मी किरकोळ माणूस आहे. एवढा खळगा माझ्या वजनाने पडणं शक्य नव्हतं.

म्हणून एका दुपारी मी डोकं दुखतंय असं सांगून लवकर निघालो. इमारतीत शिरलो तेव्हा फोन हातातच होता. सोफ्यावर दोघं होती. बरा सापडलास, असं म्हणत मी जिना चढायला लागलो. नजर पट्टीवर होती.

‘जिन्यात पावलं,’ पट्टीवर आलं. ‘दोन पायऱ्या एकदम चढणारा माणूस.’

मी थांबलो.

‘थांबला.’

जिन्यात कोणी नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून ऊन पडलं होतं आणि त्यात धूळ हलत होती. मी श्वास आवरून धरला. ज्यांना ऐकू येतं त्यांनाही तो ऐकू येऊ नये इतका.

‘श्वास धरलाय,’ त्याने लिहिलं. ‘फार वेळ जमणार नाही त्याला.’

उरलेला जिना मी कसा चढलो ते मला सांगता येणार नाही. कुलूप उघडून आत गेलो. दिवाणखान्यात ती एकटी होती, पाय वर घेऊन बसलेली, आणि हसत होती. मी सगळ्या खोल्या फिरलो. कोणीही नव्हतं.

“काय शोधतोयस?” तिने विचारलं.

“कोण होतं इथे?”

“कोण असणार?” ती म्हणाली. “आणि दिवा कशाला मिचकवलास? मला कळलं होतं तू येतोयस.”

मी बटणाला हात लावला नव्हता.

४

घाबरलेल्या माणसाने जे करायला हवं ते मी केलं नाही. कोणाला सांगितलं नाही, घर बदललं नाही. माझी भीती माझ्या जळफळाटापुढे टिकलीच नाही. आठ दिवस मी एकच विचार करत होतो, की हिला याच्याहून चांगलं कोण लिहून देईल? आणि उत्तर सरळ होतं. ज्याचा हा धंदा आहे, तो.

मी ‘सोबत’वर खोटं नाव घेतलं, ‘टवकारलेला’. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या सोफ्यावर तिसरा म्हणून जाऊन बसलो. तो भाग मला पाठ होता. आदल्याच महिन्यात मी त्यावर काम केलं होतं. पहिलं वाक्य मी आधीपासून जुळवून ठेवलं होतं. श्रोत्याच्या आधी माझं आलं पाहिजे, एवढंच डोक्यात. घाईत बटण दाबलं.

‘गोळी सुटली. भिंतीला लागून परत आल्यासारखा कोरडा आवाज.’

पडद्यावर नायकाचा भाऊ अजून चहा ढवळत होता. बंदूक कोणी काढलीही नव्हती.

जो नियम मी पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो तोच मी मोडला होता. मग श्रोत्याने लिहिलं, ‘हा घाई करतो. कामावरही असाच आहे.’

रात्रीच्या जेवणाला ती मला सांगत होती, “आज एक नवा आला होता. सगळा भाग नासवला मेल्याने. भाऊ मरणार ते आधीच सांगून टाकलं.”

“मग?” मी म्हणालो.

“मग काय, काढून टाकला. बिचाऱ्याला ऐकू येत नसावं.” आणि ती इतकी मनापासून हसली की मलाही हसावं लागलं.

५

ती अंघोळीला गेली असताना मी तिचा फोन घेतला आणि श्रोत्याला कायमचं बंद करून टाकलं. दोन बोटांचं काम होतं. आधी का नाही सुचलं, असंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी आलो, दिवा मिचकवला. ती सरकली नाही. उठून माझ्यासमोर उभी राहिली.

“तू काढलंस त्याला?”

“काढलं. कोण कुठला माणूस, ना नाव ना गाव.”

“काय बिघडवत होता तो तुझं?”

“मी आहे ना आवाज सांगायला. इतकी वर्षं सांगतोय.”

“तू कामाचे तेवढे सांगतोस,” ती म्हणाली. “दूध, बेल, फोन. तुला काय वाटतं, जग एवढंच वाजतं?” ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. “तेव्हा तापाने केलं मला बहिरी. त्यात कोणाचा दोष नव्हता. या वेळी तू केलंस.”

तिने फोन खणात टाकला, खण बंद केला, आणि मागच्या खोलीत जाऊन कोणाच्या तरी कवळीला रंग लावत बसली. त्यानंतर आमच्यात बोलणं राहिलं ते मिठा-पाण्यापुरतं. टीव्ही बंदच होता. मी संध्याकाळी दिवा मिचकवायचो आणि रिकाम्या सोफ्यावर जाऊन बसायचो.

असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. एका रविवारी मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होतो. ती दिवाणखान्यातून आली आणि अगदी पूर्वीच्या स्वरात म्हणाली, “मी बंद केला बरं का नळ.”

“कुठला नळ?”

“न्हाणीघरातला. टपकत होता ना.”

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. नळ टपकत असेलही. स्वयंपाकघरात मला ऐकू आलं नव्हतं. “तुला कसं कळलं?”

“असं काय करतोस? तूच सांगितलंस की. मी पेपर वाचत होते तेव्हा मागून येऊन.” तिने कानामागे बोट नेलं. “इथे. ‘नळाचा थेंब, मोठा, सावकाश, बादली अर्धी भरलीय.’ तुझा श्वास लागला मानेला. मला कळलं रे. ऐकू आलं असं म्हणत नाही मी, पण कळलं.”

तिचा चेहरा उजळला होता. कित्येक दिवसांत, खरं तर कित्येक वर्षांत, तिने माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. आणि मग तिला एकदम काहीतरी उमगलं. तिने माझे दोन्ही हात धरले.

“तूच होतास तो? श्रोता तूच होतास?”

मी सगळा वेळ स्वयंपाकघरात होतो. तिच्या मानेजवळ कोणीतरी गेलं होतं, आणि ते कोण हे मला ठाऊक होतं. त्या क्षणी मी खरं सांगितलं असतं तर ती घाबरली असती, आम्ही दोघं मिळून घाबरलो असतो, दाराला कुलूप लावून मेहुणीकडे गेलो असतो. पण तिने माझे हात धरले होते. त्याच्या वाट्याचं ते बघणं समोरून माझ्याकडे चालून आलं होतं, आणि मला ते हवं होतं.

“हो,” मी म्हणालो. “मीच.”

“मग काढून का टाकलंस? एवढं भांडलास ते?”

“तू त्याच्यावर इतकी खूष होतीस. मला त्याचाच हेवा वाटायला लागला.”

“वेडा आहेस,” ती म्हणाली, आणि माझ्या छातीवर डोकं टेकून किती तरी वेळ हसत राहिली. तिच्या डोक्यावरून मला दिवाणखाना दिसत होता. तिथला दिवा दोनदा मिचकला. भरदुपारी.

६

मालिकेचा शेवटचा भाग गुरुवारी यायचा होता. आम्ही दोघांनी मिळून बघायचा ठरलं होतं. “तू बाजूला बसून सांग,” ती म्हणाली होती, “सगळे आवाज. कामाचे आणि बिनकामाचे.”

मी त्या भागावर जीव ओतला. स्टुडिओत लिहिलं ते नेहमीसारखं, कोरडं; पण तिच्यासाठी म्हणून मी तो भाग पुन्हापुन्हा ऐकला. पाऊल मातीवर पडतं आणि फरशीवर पडतं यात काय फरक असतो, दोन माणसं गप्प बसली की खोली कशी वाजते, सगळं मनात जुळवलं. कानसेन म्हणाला, “आज तू पहिल्यांदाच ऐकतोयस असं वाटतंय.” मला ते खरं वाटलं. आज रात्रीपासून मी खराच तो होणार होतो. थोडं खोटं बोललो होतो, पण पुढे ते भरून काढता येण्यासारखं होतं.

सहा वाजता घरी पोचलो. उजेड होता अजून. दार उघडून आत आलो, आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडत होतो तेव्हा खट्‌ असा आवाज आला. मी वर बघितलं. भिंतीवरचं बटण खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली, पुन्हा वर. माझे दोन्ही हात बुटांवर होते.

दिवा दोनदा मिचकला. सोफ्यावर ती माझ्याकडे पाठ करून बसली होती. मान न वळवता ती जरासं सरकली.

“आलास? लावू का?” ती म्हणाली.

डावीकडची उशी हळूहळू खाली गेली. कोणीतरी बेताने, दुसऱ्याला धक्का लागणार नाही असं बसावं, तशी.

“अगं,” मी म्हणालो. तिला ऐकू येत नाही हे माहीत असून म्हणालो.

टीव्ही सुरू झाला. खाली ‘सोबत’ची पट्टी होती आणि कोपऱ्यातल्या छोट्या सोफ्यावर दोघं होती. दुसरा गोल करडा नव्हता. त्यात माझा फोटो होता, लग्नातला, आणि त्याखाली माझं नाव. पट्टीवर अक्षरं आली.

‘दाराशी जराशी हालचाल. वारा असेल.’

मी बटणाकडे धावलो. दाबलं, पुन्हा दाबलं, दोनदा, मग चारदा, मग वेड्यासारखं दाबतच राहिलो. दिवा लागत होता, विझत होता. तिने छताकडे बघितलं.

‘दिवा फडफडतोय. वायर सैल झालीय.’

“वायरमनला सांग रे उद्या,” ती डावीकडे वळून म्हणाली. आणि मग तिथेच बघत राहिली, ओठ वाचताना बघते तशी, तोंडाच्या उंचीवर, रिकाम्या हवेत. काहीतरी वाचून हसली. “हो, तू म्हणशील तसं,” ती म्हणाली.

मला तो दिसला असं मी म्हणणार नाही. तिने डोकं कलतं केलं, खांद्यावर टेकवतात तसं, आणि ते टेकलं. पडलं नाही, लवंडलं नाही. तिचे केस एका बाजूला दबले गेले. मला दिसलं ते एवढंच.

मी तिच्यासमोर जाऊन गुडघ्यांवर बसलो, टीव्हीच्या बाजूला, तिचा चेहरा माझ्या हाताच्या अंतरावर. हाका मारल्या. तो मी नाही म्हणून सांगितलं, मी खोटं बोललो म्हणून सांगितलं, तिचं नाव घेऊन ओरडलो. घसा सोलवटून निघत होता. तिची नजर माझ्या तोंडावर आली. ती थांबली. चुकीच्या बसलेल्या कवळीकडे बघते तशी, कपाळाला बारीक आठी घालून तिने माझ्या ओठांकडे बघितलं, आणि माझ्या पोटात आशा उभी राहिली. माझे ओठ तिने वाचायचे, हे आमचं किती वर्षांचं होतं.

मग तिने नजर खाली पट्टीवर नेली, खरं काय आहे ते बघायला.

मीही मान वळवून बघितलं. त्याने आजवर कधी कंस वापरला नव्हता. या वेळी वापरला, अगदी मी लिहितो तसा.

(शांतता)

तिच्या कपाळावरची आठी गेली, आणि ती शेवटचा भाग बघायला लागली.